शिवेचा दगड आणि छत्तीस चौकोन

ज्या माणसाला मी कधी प्रत्यक्ष भेटलो नाही, ज्याचं बोलणं मला निम्मंच कळतं आणि ज्याने माझं काडीइतकं वाईट केलेलं नाही, त्याच्यावर मी दोन वर्षं जळत होतो. हे कबूल करायला मला जड जातंय. पण बायकोच्या ते पहिल्या महिन्यातच लक्षात आलं होतं, मुलीच्या सहा महिन्यांनी, आणि आता लपवून ठेवण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही.

हा माणूस अमेरिकेत, मक्याच्या मुलखात, एका टाउनशिपमध्ये राहतो. आपल्याकडे टाउनशिप म्हटलं की कमान, शिट्टीवाला वॉचमन आणि चार इमारतींमधली हिरवळ डोळ्यांपुढे येते. तिकडची तशी नाही. ती म्हणजे सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा जमिनीचा सरळ चौकोन. त्यात शेतं, एक लहानशी नदी, एक दफनभूमी, एक बंद पडलेली शाळा, एक दुकान, आणि आपल्या एखाद्या वाडीत असतील तेवढी माणसं.

माझी मुलगी आणि जावई तिथे गेले ते जावयाच्या नोकरीमुळे. तो आधी इथे चिंचोळी एमआयडीसीत होता, मग पुण्याला, आणि मग शेतीची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीने त्याला थेट तिकडेच नेलं. अमेरिका म्हटल्यावर मी मनात उंच इमारती धरून बसलो होतो. पहिल्या व्हिडिओ कॉलवर मुलीने फोन खिडकीबाहेर धरला, तर चारी बाजूंना शेत. मी म्हणालो, एवढ्या लांब जाऊन शेवटी शिवारातच राहायचं होतं तर सांगोल्यात काय वाईट होतं. मुलगी हसली. तेव्हा मीही हसलो होतो.

त्यांच्या शेजारच्या घरात तो म्हातारा एकटा राहतो. शाळेची बस माझ्या नातीला घराशी सोडते तेव्हा मुलगी-जावई दोघंही कामावर असतात, म्हणून नात त्याच्याकडे जाते. ती सात वर्षांची होती तेव्हापासून हे चालू आहे, आता दहावं लागलंय. मला ती आजोबा म्हणते आणि त्याला ग्रँडपा. तिकडे कुणाही म्हाताऱ्याला तसं म्हणतात, त्यात काही विशेष नाही, असं मुलीने मला दोन-तीनदा समजावून सांगितलं. विशेष नव्हतं तर दोन-तीनदा कशाला सांगावं लागलं, असं मी बायकोला म्हणालो.

नुसता शेजारी असता तर मी सोसलं असतं. पण तो म्हातारा म्हणजे त्या टाउनशिपचं चालतंबोलतं दफ्तर. बंद पडलेल्या शाळेच्या एका खोलीत त्याने गावाचं संग्रहालय मांडलंय. तिथे जुने नकाशे आहेत, मोजणीच्या वह्या आहेत, कुठलं शेत कुणी पहिल्यांदा नांगरलं त्याचे कागद आहेत. आणि दर शनिवारी सकाळी तो पाच-सहा पोरांना घेऊन शेतांच्या कोपऱ्यांवर गाडलेले जुने मोजणीचे दगड शोधायला जातो. माझी नात त्यात सगळ्यात पुढे.

आता मी कोण, तर तीस वर्षं भूमापन खात्यातला मोजणीदार. सांगोला, मंगळवेढा, माळशिरस, अक्कलकोट, जिल्ह्यातला एकही तालुका असा नाही जिथल्या बांधावर मी भर उन्हात मोजणीची साखळी धरून उभा राहिलो नाही. भावाभावांच्या वाटण्या मी मोजल्या, ओढ्याने खाल्लेल्या जमिनी मोजल्या, एकमेकांवर कुऱ्हाडी उगारलेल्या माणसांच्या मधून टेप नेला. माझ्या मुलीला त्यातलं कधी काही ऐकावंसं वाटलं नाही, ते मी समजू शकतो. घरी येऊन मी पाय चेपून घ्यायचो आणि झोपायचो, सांगत कधी होतो. पण नातीला मोजणीचं वेड लागलं, आमच्या सगळ्या खानदानात पहिल्यांदा कुणाला तरी लागलं, आणि ते लावलं कुणी, तर त्या म्हाताऱ्याने.

मी हात बांधून बसलो नाही. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आहे, त्याच्यासमोर रोज दुपारी बसून मी त्या टाउनशिपचा अभ्यास सुरू केला. शत्रूचा मुलूख माहीत हवा. तिकडचे नकाशे कुणीही बघावेत असे उघडे ठेवलेले असतात. अर्ज नको, शिक्का नको, उद्या या नको. इथेच मला पहिली कळ आली.

त्या सहा मैलांच्या चौकोनाचे छत्तीस तुकडे, प्रत्येक एक मैल लांब, एक मैल रुंद. नंबर लावायची त्यांची तऱ्हा बघून मी खुर्चीत ताठ झालो. एक नंबर ईशान्येच्या कोपऱ्यात, तिथून पश्चिमेकडे सहापर्यंत, मग खालच्या ओळीत सात तिथेच आणि पुन्हा पूर्वेकडे बारापर्यंत. नांगराचे बैल बांधाला भिडले की वळतात आणि पुढची ओळ उलट्या दिशेने नांगरतात, अगदी तसं. कुणा शेतकऱ्यानेच हे लावलं असणार, दुसऱ्याला सुचायचं नाही. त्यांची साखळी सहासष्ट फुटांची आणि आमची तेहतीस फुटांची, म्हणजे बरोबर निम्मी. चार गुंठे म्हणजे त्यांची एक चौरस साखळी. मी हिशेब करून पाहिला तेव्हा सगळं चोख जुळलं. त्या म्हाताऱ्याच्या आणि माझ्या हातात आयुष्यभर एकाच घराण्यातलं हत्यार होतं. कुणालाही याचा आनंद झाला असता. माझा मात्र जळफळाट झाला, कारण हे नातीला मी सांगायला हवं होतं.

सोळा नंबरचा चौकोन त्यांनी आखतानाच शाळेसाठी राखून ठेवला होता. गावात अजून एक माणूस राहायला आलेला नाही, एक झाड तोडलेलं नाही, आणि कागदावर शाळेची जमीन ठरलेली. आमच्या गावची शाळा माझ्या लहानपणी मारुतीच्या देवळात भरायची आणि पाऊस आला की सुटायची.

एके दिवशी नात मला विचारते, आजोबा, आमच्या टाउनशिपचे रस्ते सगळे सरळ आहेत, मग वरच्या हद्दीपाशी आल्यावर प्रत्येक रस्ता थोडासा वाकडा का होतो, ओळख. मी म्हणालो, कुणाची तरी विहीर आडवी आली असेल. ती खो खो हसली. म्हणाली, पृथ्वी गोल आहे ना, उत्तरेला जाताना रेघा जवळ जवळ येतात, चौकोन बसत नाहीत, म्हणून मधेमधे रस्ता सरकवून घ्यावा लागतो, ग्रँडपाने संत्र्यावर दाखवलं. मी तीस वर्षं मोजणी केली आणि माझ्या एकाही रस्त्याला पृथ्वीच्या गोलाईमुळे वळण पडलं नाही. माझे सगळे रस्ते माणसांमुळे वळले. हे मी तिला सांगितलं असतं तर तिला आवडलंही असतं, पण मला त्या संत्र्याचा इतका राग आला होता की मी फोन बायकोकडे दिला.

इतिहासाचंही तेच. त्या टाउनशिपच्या सात नंबरच्या चौकोनात एक वस्ती होती. रेल्वे दोन मैल लांबून गेली आणि वस्ती उठून रेल्वेकडे गेली. आता तिथे नुसता मका आहे. पण रस्त्याच्या कडेला पाटी उभी आहे, इथे गाव होतं म्हणून. मेलेल्या गावाला पाटी. आमच्या जिवंत गावाला सांगोल्याच्या रस्त्यावरून वळताना पाटी नाही, माहीत नसलेला माणूस सरळ पुढे जातो. आमच्या गावची मोठी विहीर कुणी खणली विचारा, तीन आळ्यांतली माणसं तीन वेगळी नावं सांगतील आणि चौथ्या आळीतला म्हणेल ती आपोआप झाली. त्यांच्याकडे विहीर कुणी खणली, किती दिवसांत खणली आणि खणताना कुणाचा पाय मोडला तेही लिहिलेलं.

मग मी त्या म्हाताऱ्याचं वर्म शोधायला लागलो. एका कॉलवर मी अगदी साळसूदपणे नातीला विचारलं, या छत्तीस चौकोनांच्या आधी तिथे कोण राहत होतं, ते सांगितलं का तुझ्या ग्रँडपाने? माझा डाव असा की तिने नाही म्हणावं आणि मग मी दोन शब्द बोलावेत. ती म्हणाली, हो, संग्रहालयात पहिलं पान तेच आहे. तिथले मूळचे लोक नदीला हद्द मानायचे, चौकोन नव्हते, आणि त्यांना तिथून घालवून दिलं. ग्रँडपा म्हणतो, हे आधी सांगायचं आणि मग बाकीचं. एवढी चांगली संधी हातची गेली याचं मला दिवसभर वाईट वाटत राहिलं.

बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, त्या माणसाला तुमचं नावसुद्धा माहीत नसंल, आणि तुम्ही हितं बसून जळताय." मी म्हणालो, नाव माहीत नाही तेच तर दुखणं आहे.

आता खरी गोष्ट. नातीच्या शाळेत दर वर्षी वसंताच्या तोंडावर एक दिवस मुलांनी जमिनीच्या एका तुकड्याची गोष्ट मोठ्या पुठ्ठ्यावर मांडायची असते: नकाशा, मापं, कोण राहिलं, काय बदललं. सारी टाउनशिप बघायला येते. पहिल्या वर्षी तिने सोळा नंबरचा चौकोन केला, दुसऱ्या वर्षी ती मेलेली वस्ती. या वर्षी डिसेंबरच्या सुट्टीत त्या सगळ्यांनी तीन आठवडे सोलापूरला यायचं ठरलं, आणि मी मनाशी पक्कं केलं की या वर्षीच्या पुठ्ठ्यावर आपलं गाव आलं पाहिजे. सारी टाउनशिप बघेल, तो म्हातारा बघेल. मुलीला मी फोनवर तसं सुचवलं. ती म्हणाली, बाबा, तिला जे आवडेल ते ती करेल, तुम्ही मागे लागू नका. मी मागे लागलो नाही. मी फक्त माळ्यावरून माझ्या मोजणीच्या जुन्या वह्या काढल्या, झटकल्या आणि आमच्या गावची वही वर ठेवली.

त्या वहीत माझं एक काम होतं, ज्याचा मला अजून अभिमान वाटतो. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा साहेबांनी आमच्याच गावच्या शिवेचं काम माझ्याकडे दिलं, दुसरा कुणी मोकळा नव्हता. शेजारच्या गावाशी दोन पिढ्या भांडण चाललेलं. मी जुने नकाशे काढले, मोठ्या विहिरीच्या चिरेबंदी कोपऱ्यावरून साखळी टाकली आणि दोन्ही गावांच्या पंचांसमोर शिवेचा दगड उभा केला. विहिरीपासून बारा साखळ्या. त्या दिवसानंतर त्या शिवेवर भांडण झालं नाही. नातीला दाखवण्यासारखं माझ्याकडे काही असेल तर ते तेवढंच होतं.

पोरगी आली, उंच झाली होती. पहिले चार दिवस शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाण्यात गेले. पाचव्या दिवशी आम्ही गाडी करून गावाला निघालो. मी पुढे बसलो होतो, वही मांडीवर. मंगळवेढा मागे पडल्यावर तिने विचारायला सुरुवात केली, रस्ता इथे का वळला, तिथे का वळला. मी एकेक सांगत गेलो. इथे ओढा आहे. इथे दोन चुलतभावांनी जमीन सोडली नाही. इथे एका म्हातारीचं चिंचेचं झाड होतं, तिने रोलरसमोर खाट टाकली होती. नात ऐकत होती, एका चिटोऱ्यावर लिहून घेत होती. त्या तासाभरात मला त्या म्हाताऱ्याची आठवणही झाली नाही.

गावात माझा चुलतभाऊ आहे, माझ्याहून मोठा, आयुष्यभर मेंढरं राखली. त्याने पोरीला आधी कोकरू दिलं मांडीवर, मग आम्हा सगळ्यांना शेतावर हुरडा खायला बसवलं. हुरडा भाजायला वेळ होता म्हणून मी, मुलगी, नात आणि तो असे दगड बघायला निघालो. बायको आणि जावई आगटीपाशी थांबले.

दगड दिसला आणि मी चालता चालता थांबलो. कडुलिंबाच्या झाडाखाली, वर पत्र्याचं लहानसं छप्पर, खाली माझा दगड शेंदराने लालभडक माखलेला. पुढे नारळाच्या करवंट्या, विझलेल्या उदबत्त्या, लोकरीची एक बारीक लड. मी टाकी मारून घेतलेली खूण शेंदराच्या थराखाली गेली होती.

"हितं लई कडक द्येव हाय," चुलतभाऊ नातीला म्हणाला. "मेंढरावर रोग आला की पयला नारळ हितं फुटतो बग."

तिला ते निम्मं कळलं, उरलेलं तिच्या आईने सांगितलं. ती दगडाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळली आणि म्हणाली, हा तू लावलास आणि आता हा देव आहे? मी मान हलवली. ती म्हणाली, ग्रँडपाच्या एकाही दगडाची पूजा होत नाही.

मला आकाश ठेंगणं झालं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या म्हाताऱ्याच्या पुढे एक पाऊल पडलं होतं, आणि तेही त्याला कधी गाठता येणार नाही असं. त्याच्याकडे नकाशे असतील, संत्री असतील, पाट्या असतील. देव कुठून आणणार.

मग तिने पाठीवरच्या पिशवीतून शंभर फुटांचा टेप काढला. तो म्हाताऱ्याने दिलेला. त्याचा नेम असा की सापडलेला दगड लगेच खरा मानायचा नाही, दुसऱ्या पक्क्या खुणेपासून मोजायचा, जुळला तरच तो कोपरा. मी म्हणालो, मोज की, खुशाल मोज, बारा साखळ्या म्हणजे तीनशे शहाण्णव फूट, इंच इकडेतिकडे झालं तर माझी मिशी काढ. ती आणि तिची आई विहिरीकडे गेल्या. मी आणि चुलतभाऊ दगडापाशी थांबलो.

मी सहज म्हणालो, लिंब बराच वाढला, माझ्या वहीत तर इथे झाड लिहिलेलं नाही. चुलतभावाने तंबाखू मळता मळता सांगितलं.

"वहीत कसा असंल? द्येव तितं व्हता की," त्याने डांबरी रस्त्याकडे हात केला. "रस्ता झाला तवा मधीच याया लागला. मग उचलला आन् लिंबाखाली ठिवला. वाजतगाजत न्हेला, जेवान घातलं. तुला फोन केलावता, तू काय आला न्हाईस."

देवाचा कार्यक्रम म्हणून फोन आला होता खरा, कुठला देव ते मी विचारलं नव्हतं. मी रस्त्याकडे पाहिलं. वीसएक पावलांवर, डांबराच्या मधोमध माझी खरी जागा होती आणि तिच्यावरून एक उसाचा ट्रॅक्टर चालला होता. शिवेचा दगड हलवणं म्हणजे काय, हे मोजणीदाराला सांगायला नको. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी पंचनामा करायला लावला असता. पण यांनी चोरून हलवला नव्हता. पूजा करून, ढोल लावून, सगळ्या गावाला जेवू घालून हलवला होता. दोन्ही गावांनी वर्गणी काढली होती, असंही चुलतभावाने वर सांगितलं. देवाला ट्रॅक्टरखाली कसं राहू द्यायचं, हे त्यांचं म्हणणं.

तेवढ्यात नात टेप ओढत आली. दगडाशी गुडघ्यावर बसली, आकडा वाचला, कागदावर बेरीज केली, पुन्हा केली.

"आजोबा, तीनशे बेचाळीसच येतायत. चोपन्न फूट कमी."

खरं सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. देव वाजतगाजत रस्त्यावरून उठून झाडाखाली गेला, ही गोष्ट कुठल्या पोराला आवडली नसती? पण त्या क्षणी मला एकच दिसलं. ही परत जाणार, म्हाताऱ्याला सांगणार, तो म्हणणार हललेला दगड म्हणजे कोपरा नव्हे, आणि माझं गाव पुठ्ठ्यावरून उतरणार. मी म्हणालो, तुझं माप चुकलं, बाळा. जमीन उताराची आहे, टेप ढिला पडला असेल.

तिने टेपकडे पाहिलं, मग विहिरीकडे. "परत मोजू?"

मी म्हणालो, नको, हुरडा निवतोय. आणि तिच्या हातातलं पेन घेऊन तिच्या कागदावर तीनशे बेचाळीसच्या खाली मी माझ्या हाताने तीनशे शहाण्णव लिहिलं. चुलतभावाने माझ्याकडे एकदा बघितलं, तंबाखू तोंडात टाकली आणि मेंढरांकडे निघून गेला.

हुरडा खाताना ती टेप पुन्हा पुन्हा उलगडून बघत होती. परत येताना मागच्या सीटवर ती तिच्या आईला म्हणत होती की टेप ताणून धरायचा असतो हे मला माहीत होतं, तरी मी चुकले. मुलगी म्हणाली, होतं गं असं. मी काचेतून बाहेर ज्वारी बघत बसलो. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण निघायच्या दिवशी विमानतळाला जाणाऱ्या गाडीत बसताना ती म्हणाली, या वर्षी मी तुझा दगड करणार आहे, आणि सगळं वाईट वाटणं धुऊन गेलं. मी आमच्या इमारतीत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना सांगितलं. शेजारच्या पद्मशाली काकूंनी अभिनंदन म्हणून चहा पाजला. थापेने काम झालं, असंच मी धरून चाललो होतो.

दोन महिन्यांनी, एका शनिवारी, तिचा फोन आला. त्यांची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ. तिने पुठ्ठा भिंतीला टेकवून फोन त्याच्यासमोर धरला. सुंदर केला होता. वाकड्यातिकड्या हद्दीचं आमचं गाव, ओढा, विहीर, खाटेवरची म्हातारी, लिंबाखालचा देव. वर दोन साखळ्या शेजारीशेजारी काढल्या होत्या, त्यांची सहासष्ट फुटांची आणि आमची तेहतीस फुटांची. आणि खाली एका चौकटीत लाल अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं: माझी चूक. मी मोजलं तेव्हा तीनशे बेचाळीस आलं, कारण मी टेप ढिला धरला. तिकडे चुकासुद्धा मांडायच्या असतात म्हणे.

मी पुठ्ठ्याचं कौतुक करत होतो तर ती म्हणाली, आजोबा थांब, एक विचारायचंय. काल ग्रँडपाने पुठ्ठा वाचला. ही चौकट वाचून तो म्हणाला की हे होऊच शकत नाही. टेप ढिला पडला तर आकडा जास्त येतो, कमी कधीच येत नाही.

मी तीस वर्षं ते काम केलंय. पहिल्या आठवड्यातल्या पोराला कळतं ते. घाईघाईत मारलेली थाप, आणि तीही चुकीची मारली होती.

"मी त्याला म्हटलं, पण आजोबा म्हणाला माझं माप चुकलं," ती सांगत होती. "तर तो म्हणाला, तू मोजताना मी दोन वर्षं बघतोय. तू चोपन्न फूट चुकत नाहीस. दगड कुठे गेला ते शोध."

मी आजवर त्या माणसावर त्याच्या नकाशांसाठी जळलो, पाट्यांसाठी जळलो, शनिवारच्या सकाळींसाठी जळलो. ते सगळं त्या संध्याकाळच्या मानाने काहीच नव्हतं. त्याने आमचं गाव पाहिलेलं नाही, दगड पाहिलेला नाही, रस्ता पाहिलेला नाही. त्याला नुसता तिचा आकडा माहीत होता आणि तो आकड्याच्या बाजूने उभा राहिला. मी शेजारी उभा होतो, मला सगळं कळलेलं होतं, आणि मी तिच्या कागदावर माझ्या हाताने खोटं लिहिलं. तिच्या आजोबाच्या जागी त्या दिवशी कोण होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

स्वयंपाकघरातून बायको दारात येऊन उभी राहिली होती. मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"तुझं माप बरोबर होतं," मी म्हणालो. "दगड हलवलेला आहे. रस्ता झाला तेव्हा गावाने उचलून झाडाखाली ठेवला. मला ते तिथेच कळलं होतं."

तिने पुठ्ठ्यावरच्या लाल चौकटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग मी चुकले असं का म्हणालास?"

"दगड खोटा निघाला असता तर तू आपलं गाव घेतलं नसतंस. तिकडचाच एखादा चौकोन घेतला असतास. मला ते नको होतं."

तिने फोन टेबलावर उभा केला, काळा मार्कर घेतला आणि पुठ्ठ्यावरच्या लाल चौकटीतली माझी चूक ही अक्षरं खोडली. तिची पाठ माझ्याकडे होती.

"सुट्टीला मी इकडून निघायच्या आधीच ठरवलं होतं, तुझंच गाव करायचं म्हणून," ती म्हणाली. "ग्रँडपाला माहीत होतं."